साडेसदतीस

दिवसभर मी शिरोलीत, भट्टीसमोर.
तिथं चौदाशेच्या खाली कुणी बोलत नाही.
पाच-दहा अंश इकडंतिकडं
कोण मोजतंय.

रात्री उद्यमनगरच्या खोलीत
मला पाहिजेत फक्त साडेसदतीस.

शेजारच्या रेहाना शिकलगारची खुडूक कोंबडी
मुंगसानं नेली. मागं अकरा अंडी,
आणि दारात उभं तिचं पोरगं:
"काका, तुमी भट्टीवाले न्हवं?"

थर्माकोलचा खोका. चाळीसचा बल्ब.
शाहूपुरीतनं आणलेला थर्मिस्टर,
मसुराच्या दाण्याला दोन पाय फुटल्यासारखा.
ऊब लागली की ह्याचा विरोध गळतो.
"आमच्या बाबांगत," शैला म्हणाली.

एक आयसी, एक प्रिसेट,
जुन्या स्टॅबिलायझरमधला रिले.
कॉइलवर उलटा डायोड टाकायला विसरलो,
ट्रान्झिस्टर गेला.
दुसरा आणण्यात रविवार गेला.

मग चाललं, पण कसं!
साडेसदतीसच्या उंबऱ्यावर पोचलं की
टकटकटकटकटक
आत पाय, बाहेर पाय,
बल्बची नुसती उघडझाप.
"सुतारपक्षी पाळलाय काय घरात?" चादरीतनं आवाज.

उपाय साधा आहे.
बाहेर पडलेलं थोडंसं मागं आणून परत आत द्यायचं,
दहा लाख ओहमच्या एका रेझिस्टरमधनं.
म्हणजे त्याला अर्ध्या अंशाचा हट्ट येतो.
विझलास ना, मग जरा गारठू दे.
पेटलास ना, मग जरा तापू दे.
लगेच शब्द फिरवू नकोस.

टक.

मग बराच वेळ काही नाही.

टक.

थर्मामीटर पोरीच्या तापाचा: नव्याण्णव पॉइंट नऊ.
मला वाटलं, चालतंय की.
रेहाना आली, एक अंडं उचललं,
मिटल्या पापणीला लावलं.
"जरा चढ हाय."
प्रिसेट केसभर मागं घेतला.
तासाभरानं पुन्हा पापणी. "आता ठीक."
थर्मामीटर बघितला. नव्याण्णव पाच.

अठराव्या रात्री लाईट गेली.
सर्किटला काय, ते गप्प.
आम्ही खोक्याला गोधडी पांघरली,
गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या,
बाटली निवली की शैला उठायची,
दर पाव तासाला ती पापणी.
कुणी फारसं बोललं नाही.

दोनच्या सुमाराला
टक.
खोक्याच्या फटीतनं पिवळी रेघ जमिनीवर.

भिंतीला टेकून झोपलेलं पोरगं
डोळे न उघडता म्हणालं,
"बसली."