मागचा दिवा

पहाटे पावणेपाचला
सायकल खांद्यावर घेऊन मी जिना उतरते.
हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली टक् करून लागतो,
तेवढाच काय तो आवाज.
तरी वर खिडकीत पडदा हलतोच.
हे जागे असतात, बोलत नाहीत.
मागच्या पौषात फिरोज पडला, तेव्हापासून
आमच्यात हा एक अबोला आहे,
भांडणाचा नव्हे, हिशेबाचा.

शाहू नाक्यावर चौघं-पाच जण जमतो.
टायर अंगठ्यानं दाबून बघतो,
मंडईत वांगी दाबून बघावीत तसे.
पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा,
की लागलो कागलच्या रस्त्याला.

हा रस्ता मला पायांनी पाठ आहे.
उजळाईवाडीच्या पुलावर जोडात एक फट आहे,
नेमकी चाकाच्या रुंदीची.
पंपाच्या अलीकडे सांडलेलं डिझेल
आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना.
सर्व्हिस रोडला उलटी येणारी दुधाची गाडी,
तिचा ड्रायव्हर आता हात करतो, ओळखीचा झालाय.
ओळखीचा झाला म्हणून
बाजू काही बदलत नाही.

गळीत हंगामात मात्र
भीतीला एकच आकार असतो.
ट्रॅक्टर कुठंतरी पुढं, गाण्यात बुडालेला,
त्याच्या मागं दोन ट्रॉल्या, उसानं फुगलेल्या,
आणि शेवटच्या मोळीच्या मागं काहीच नाही.
दिवा नाही, चकती नाही.
अंधारच दहा फूट रुंद होऊन
आपल्यापुढं रांगत चाललेला.
फिरोज ह्यालाच धडकला.
खांद्यात प्लेट, सहा स्क्रू.
आता डाव्या हातानं सफरचंदं तोलतो
आणि आम्ही दिसलो की विचारतो,
"आज किती झाले?"

आण्णाप्पा भेटला गोकुळ शिरगावच्या फाट्यावर,
आम्ही परतताना चहाला थांबलो तेव्हा.
फाउंड्रीत साचे भरतो, पहिली पाळी.
कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी,
ब्रेक म्हणजे उजव्या पायातली चप्पल.
चौदा वर्षं हाच रस्ता.
आमच्या घट्ट कपड्यांकडं बघून म्हणाला,
"हौसेनं येताय व्हय ह्या रस्त्याला?"
मला उत्तर सुचलं नाही.
त्यानं सायकलची किंमत विचारली.
मी निम्मी सांगितली,
तरी तो थोडा वेळ गप्प राहिला.

निघताना माझा जादाचा तांबडा दिवा
मी त्याच्या सीटखाली बांधून दिला.
फार हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.
घरी येऊन सांगितलंसुद्धा.

आठवड्यानं परत दिसला. सीटखाली नुसतीच रबराची खूण.
"दिवा कुठाय?"
"दिला की."
"कुणाला?"
त्यानं कारखान्याच्या दिशेला हनुवटी उडवली.
"ट्रॅक्टरवर पोरगं हाय एक, बीडकडलं. त्याला.
माझ्या मागं कोण असतंय, ताई?
त्याच्या मागं रोज तुम्ही असताय."
आणि कपातला उरलेला चहा
एका घोटात संपवून
भोंग्याच्या आधी पोचायला
उभ्यानंच पायडल मारत गेला.

परवा, अजून उजाडायचं होतं,
कणेरीवाडीच्या पुढं
हवेत एक तांबडा ठिपका लुकलुकताना दिसला,
सायकलपेक्षा फार वर,
उसाच्या मोळीत सुतळीनं बांधलेला.
कोपऱ्यातली काच उडालेली. माझाच.
आम्ही वेग कमी केला,
एकामागोमाग एक उजवीकडून निघालो.
उसाची ओली पाती दंडाला घासून गेली.
पोरानं वळूनही पाहिलं नाही,
त्याच्या गाण्यात त्याची कुणी रुसलेली होती.

घरी आले तर ह्यांनी चहा टाकला होता.
सगळं सांगितलं, मोळी, सुतळी, पाती.
म्हटलं, असे आणखी वीस आणूया.
बऱ्याच दिवसांनी ह्यांनी त्या रस्त्याबद्दल
तोंड उघडून काही विचारलं:
"त्या दिव्याची बॅटरी किती दिवस टिकते गं?"

मला माहीत नव्हतं.