जमाखर्च

पहिलं अंडं पडलं चारशे ऐंशीला,
जाळी, पिल्लं, औषधाचे थेंब धरून.
दुकानात सात रुपये.
ह्यांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला
आणि हसले नाहीत, एवढे उपकार.

मग मी शहाणी झाले.
बंद पडलेला फ्रिज आडवा करून खुराडं,
इडलीवाल्या सेल्वमच्या पातेल्याची खरवड,
ट्रॉम्बेच्या धक्क्यावरून जवळ्याचा चुरा, फुकट.
महिन्याभरात अंड्यांना जवळ्याचा वास.
परेराबाईंनी सहाच्या सहा परत पाठवली.
आठवडाभर आम्हीच खाल्ली, कालवणात,
कुणाला कळलंसुद्धा नाही.

आता टरफलं भाजून, कुटून त्यांनाच घालते.
त्यांचंच त्यांना. व्याज माझं.
पावडरच्या डब्यात सुटे साठतात.
डबा खडखडला की सगळ्या माना वर करतात,
त्यांना वाटतं दाणे.

लंगडी मात्र दिवाळीपासून बसून.
अंडं नाही, नुसतं खाणं.
"रविवारी काप तिला," हे म्हणाले
खाटेवरून.
गोदी सुटल्याला ह्यांना यंदा अकरा वर्षं.

वहीत तिच्या नावापुढे
मी लिहिलं: रखवाली.