न धरलेला सामना

मार्चमधला मंगळवार. ओहायोत शेजारी
अजून बर्फ उपसताहेत दारातला,
आणि इथे फ्लोरिडात लॉरेटाच्या दुखऱ्या गुडघ्यांवर
फुकटचं ऊन.
मांडीवर गुणवही, कानामागे पेन्सिल.

“सरावाचे सामने धरत नाहीत गं,”
व्हर्नन म्हणतो, शेंगा सोलत.
“मी धरते.”

सातव्या डावात एक पोरगा उतरतो,
पाठीवर एक्याण्णव,
वर नाव शिवलेलंच नाही.
(शिंप्यालाही खात्री नसावी
एप्रिलपर्यंत टिकेल याची.)
तीन चेंडू.
तीनदा बॅट नुसता वारा कापते.
ती चौकटीत ‘के’ काढते,
हलक्या हातानं.

मग किनारा. पिठासारखी वाळू,
थर्मासमधली कोमट कॉफी,
टोपी तोंडावर ओढून घोरणारा व्हर्नन.
पेलिकन वरून धोंड्यासारखे कोसळतात पाण्यात;
प्रत्येक वेळी मासा मिळतो असं नाही,
उडतात पुन्हा,
जरा अंग झाडून.

आणि पोटरीभर पाण्यात
तोच.
खांदा पाडून चालण्यावरून ओळखते ती.
फोन कानाशी, स्पॅनिश,
तिला त्यातले दोनच शब्द कळतात:
बिएन, मामा. बिएन.
ठीक गं आई, ठीक झालं सगळं.
हसतोही मोठ्यानं,
आणि पायानं पाण्यातली वाळू उकरत राहतो.

लॉरेटा पिशवीतून वही काढते,
पानांतली वाळू झटकते.
‘के’ पुसत नाही;
झालं ते झालं.
फक्त शेजारी, समासात,
बारीक अक्षरांत लिहिते:
वारा समोरून होता.