खळ

ग्युमरीत फेब्रुवारीत खळसुद्धा गोठते.
म्हणून भांडं शेगडीवर, आणि माझे हात भांड्यावर.
वार्दगेस उस्ताद म्हणतात, ह्राचुही,
पुस्तक शिवायला आलंय, वाचायला नाही.

पण पाठ उसवलेली ती जाड कादंबरी
मांडीवर आपसूक उघडली, पान तीनशे बारा:
मुलगा युद्धावर गेल्यावर एक म्हातारी
त्याच्या जुन्या बुटांतली वाळू झटकायला घेते,
आणि झटकत नाही.
एवढंच. पुढच्या ओळीत लेखक
बाजारभावाकडे वळतो.

मी बाबांवर सतरा पानं लिहिलीत.
सतरा! भूकंप, ढिगारा, चंद्र. चंद्र तर चारदा.
त्या चिमूटभर वाळूपुढे माझा चंद्र
उसन्या झुंबरासारखा लोंबत राहिला.

लाज वाटली. मग भूक लागली, लिहिण्याची.
दोन्ही एकाच ताटात.

रात्री ती पानं काढली. फाडली नाहीत.
एका पाठकोऱ्यावर लिहिलं:
बाबांचा चष्मा. डाव्या काडीला दोरा.
पुढचं अजून सुचलेलं नाही.

सकाळी कादंबरी शिवायला घेतली
तेव्हा दोरा मेणावरून
दोनदा जास्तच ओढला.
उस्तादांनी पाहिलं.
काही बोलले नाहीत.