समोर काय दिसतंय

वाशीला सेक्टर सतरात, उडप्याच्या काचेबाहेर
मी दहा मिनिटं नुसती उभी.
आत सगळी टेबलं भरलेली.
त्यातलं आपलं कोणतं, कळेना.

चेहरे आम्ही कधी पाहिलेच नव्हते.
नावंसुद्धा उसनी होती:
खारफुटी, सोळा नंबर, उंबरठा, कंदील.
मी तीन-दहा,
कारण रोज त्याच मिनिटाला डोळे टक्क उघडायचे
आणि छातीवर कुणी जातं आणून ठेवलेलं असायचं.

नियम एकच होता.
का, असं विचारायचं नाही.
विचारायचं: आत्ता समोर काय दिसतंय?
पाच वस्तू सांग.
मग अंधारात अंगठ्याने एकेक वस्तू लिहायची,
श्वास जागेवर येईपर्यंत.

म्हणून मला पाठ होती
मुंब्र्यातली कडी तुटलेली हिरवी बादली,
शिलाई मशीनवर पालथी घातलेली कढई
(कशाला, ते विचारायचं नाही),
करावे गावातल्या खिडकीचे सात गज, पाचवा वाकलेला,
घणसोलीच्या भिंतीवर दोन वर्षं
मार्चवरच थांबलेलं कॅलेंडर.
आणि कंदीलच्या घरातली पाल.
बाकीच्या चार वस्तू बदलायच्या, पाचवी पालच.

एका रात्री मी चारच सांगितल्या.
उंबरठा उजाडेपर्यंत हलला नाही.
पाचवी राहिलीये.
पाचवी सांग.
पाचवी राहिलीये गं.
साडेसहाला मी लिहिलं, दुधाची पिशवी.
तो म्हणाला, ठीक, आता मी दात घासतो.

मग आम्ही विरत गेलो.
भांडण नाही, काही नाही.
बरं वाटायला लागलं तसा एकेक जण झोपू लागला
आणि ते कुणी कुणाला सांगितलं नाही.
उपाशी माणसापुढे ढेकर द्यावा
तशी लाज वाटली झोपेची.
सहा वर्षं गेली.

काचेआड एक बाई कागदी रुमालाच्या
बारीक बारीक पट्ट्या करत होती.
मी आत गेले, तोंडातून निघालं,
"कढई उतरवलीस का?"
ती इतक्या जोरात उठली की खुर्ची मागे पडली.
"केव्हाच! आता लेक शिवते त्या मशीनवर."

नफिसा मुकादम. आवाज घोगरा, दणदणीत.
आणि मी इतकी वर्षं तिला
बारीक आवाजात वाचत आले होते.
खारफुटी म्हणजे माधवी भोईर, पाठीवर झोपलेलं बाळ.
उंबरठ्याला मी पंचविशीचा पोरगा समजत होते.
तुळशीदास ठाकूर, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त,
शर्टाच्या खिशात दोन पेनं, चष्म्याची दोरी.
"आता तुम्हाला अहो म्हणू?"
"म्हण की. मी लक्ष देणार नाही."

मेदूवडे आले. सांबार दोनदा मागवलं.
वजन, गुडघे, लेकीचं कॉलेज,
बाळाला इडलीचा तुकडा द्यावा की नको.
रात्रींबद्दल कुणी बोललं नाही.
कॉफी संपता संपता माधवीच म्हणाली,
"कंदीलचा नंबर लागत नाही."
"माझ्याकडूनही."
खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. गाव नाही.
घर कितव्या मजल्यावर, तेही नाही.
फक्त ट्यूबलाइटमागची पाल.
तुळशीदासांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"पाली किती वर्षं जगतात हो?"
कुणालाच माहीत नव्हतं.

चालत सागर विहारला गेलो.
ओहोटी लागलेली. कठड्याला रेलून चौघं, बाळ पाचवं.
बराच वेळ कुणी काही बोलेना,
तेव्हा नफिसा, तिच्या त्या दणदणीत आवाजात,
"पूल."
"चिखल," माधवी.
"बगळा," तुळशीदास. "नाही, नाही, पिशवी आहे. पिशवी धरा."
मी म्हणाले, "कठड्यावर कुणीतरी विसरलेली छत्री."

पाचवीसाठी थांबलो.
वारा होता, बाळ जागं झालं, रडलं, गप्प झालं.
मग नफिसाला बस होती.