सहावी चिप

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
विल्मा रॅट्रे दिवा खाली ओढते, चष्म्यावर भिंग चढवते,
रबरी बटणांचं ते काळं यंत्र उघडते.
पडद्यावर नुसते पट्टे.
गिऱ्हाईक म्हणाला होता, "वडिलांचं आहे.
नाही चाललं तरी चालेल."
असं म्हणणाऱ्यांचंच चालावं लागतं.

आठ चिपांवरून ती बोट फिरवते,
तापातल्या पोराचं कपाळ बघावं तशी.
सहावी चटका देते.
"तू होय," विल्मा म्हणते.

सोळा पाय. एकेक कापायचा, हलक्या हाताने,
घाई केली की तांब्याची रेघ उखडते
मग बसा जन्मभर तारा जोडत.
बोर्ड पालथा घातला, डागणी तापली, राळेचा धूर,

आणि काठाशी तीन डाग, किंचित शेपटीचे.

नेटा क्रायटन.
निळा झगा, शेजारचं बाक,
मुकादम ओरडायचा तरी शेपूट राहायचंच.
संपात नेटा फाटकाच्या आत गेली,
विल्मा बाहेर, बर्फात, पिंपातल्या जाळापाशी.
तेव्हापासून बोलणं नाही.
बाजारात समोर आली तर एकीने रस्ता ओलांडायचा,
बहुधा विल्मानेच.

सोळा भोकं साफ केली. सॉकेट बसवलं.
लिथुआनियाहून आलेली चिप अंगठ्याने दाबली.
ते तीन डाग तसेच ठेवले.

वीज. पट्टे. पुन्हा पट्टे.
मग पांढरं सगळं,
आणि कोपऱ्यात एक अक्षर उघडझाप करत.

बिलावर तिने लिहिलं: चिप, एक.
थोडं थांबून, खाली:
बाकी काम पक्कं आहे.