अडीच बोटं

शिजीनं मला उताणं निजवलं,
म्हणाली, हनुवटी छातीकडे, डोकं जरा उचल,
आणि बेंबीच्या वर बोटं रोवून मोजलं.
अडीच.
अडीच बोटं मावतील एवढी फट
माझ्या पोटाच्या मधोमध,
जिथून नऊ महिने कुणीतरी मला बाजूला सारत होतं.
"भरून येईल," ती तिच्या मल्याळी हिंदीत म्हणाली.
"पण घाई नको. दोरीच्या उड्यांचं तर नावही काढू नको."
मी मान हलवली.
दोरी घरी कपाटात होतीच.

फहाहीलमध्ये जुलै.
खाली रस्त्यावर अठ्ठेचाळीस,
गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही.
चालायचं तर कॉरिडॉर,
लिफ्टपासून जिन्याच्या लाल दारापर्यंत बत्तीस पावलं,
परत बत्तीस.
उम्म यासीनच्या दारापाशी वेलची,
त्यापुढे कुणाचा तरी रात्रंदिवस चालणारा टीव्ही.

आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती
डिंक, अळीव, खारीक
आणि जुनं लुगडं फाडून केलेला पोटपट्टा घेऊन.
शेगडी पेटवली तर छतावरचा अलार्म बोंबलला,
वॉचमन धावत वर आला,
धुरी राहूनच गेली.
"सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही," आई.
"सहा आठवडे," हॉस्पिटलचा कागद.
मी मोजून पाहिलं, फरक चार दिवसांचा.
त्या चार दिवसांवरून आम्ही तीन दिवस भांडलो.

सातव्या आठवड्यात, विश्राम रिफायनरीत रात्रपाळीला,
आई झोपलेली, केतकी झोपलेली,
मी दोरी काढली.
मी, तासगावच्या शाळेची,
जी खांबाला वळसा घालताना पंचांनाही दिसायची नाही.
एक. दोन. तीन.
चौथ्या उडीला
ऊब. मांडीवरून थेट मोज्यात.
ओल्या फरशीकडे बघत उभी राहिले तशीच.
वाटलं, या घरात लंगोट लागणाऱ्या आता दोघी.

आईला सांगितलं नाही.
(पुढे कधीतरी कळलं, तिलाही होतं, शिंकताना,
गेली तीस वर्षं.
तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.)

शिजीला सांगितलं, खाली बघत.
ती रागावली नाही की दचकली नाही,
फक्त श्वास शिकवला, पहिल्यापासून.
घे, फासळ्या रुंद होऊ देत.
सोड, आणि सोडता सोडता
खालून आत उचल,
जशी लिफ्ट निघते तळमजल्यावरून,
पहिला, दुसरा.
आता सावकाश खाली.
"सैल सोडणं हापण व्यायाम आहे."

एवढंच. दहादा, दिवसातून तीनदा.
पाजताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना,
सिग्नलला गाडीत.
बघणाऱ्याला वाटावं, ही बाई नुसती बसलीय.

बसणं मला ठाऊक होतं खरं तर.
चौकोनात, बोटं मातीला टेकून,
आख्खा सामना पाठीमागून धावतोय
आणि आपल्याला अजून खो नाही.
मिळायच्या आधी उठलं की फाऊल.
पाटणे सर ओरडायचे, "आधी ऐकू तर येऊ दे गं!"

आई सप्टेंबरात गेली.
डिसेंबरात हवा अंगाला सोसू लागली.
समुद्राकाठी पहाटे
दोन बंगाली माणसं गळ टाकून बसलेली,
विश्राम रात्रपाळीच्या बुटांतच बाबागाडी ढकलतोय,
आणि माझ्या खिशात शिजीच्या अक्षरात
एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल.
पहिलं मिनिट धावले.
पाय माझेच, मधला भाग उसना आणल्यासारखा.
पण कोरडी.
फट आता एका बोटाची.
काहींची तेवढी राहतेच, म्हणते शिजी.

दोन मिनिटं संपली, घड्याळ वाजलं.
मी लगेच नाही निघाले.
श्वास सोडला, पूर्ण.
तेवढ्यात मागून केतकी
गाडीतून काहीतरी ओरडली,
'ख' नव्हताच त्यात, नुसता 'ओ'.
चालेल, म्हटलं.
निघाले.